गुळवेलीचा दोरा आणि घराचा वाटा

मी, खाली सही करणारी, आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवलेली बाई, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. मोडले ते खुब्याचे हाड, डोके शाबूत आहे. उठून बसता येत नाही म्हणून धाकटी मुलगी लिहिते आहे. मी सांगेन तेच लिहायचे, मध्ये शहाणपणा करायचा नाही, असे तिला बजावले आहे.

१. राहते घर थोरल्या मुलाला. सासूबाईंनी ते मला 'सांभाळ' म्हणून दिले. तेव्हापासून मी एक रात्र बाहेर काढली नाही. माहेरी गेले तरी दिवे लागायच्या आत परत. आता तर ही मागची खोली आणि तिची खिडकी, एवढेच उरले. जीव घुसमटतो.

२. अंगणातल्या कडुनिंबावरची गुळवेल घराबरोबर जाईल. साप येतील म्हणून थोरल्याने ती बुंध्यापाशी तोडली, तेव्हा मी पडल्या पडल्या ओरडत होते. वेल मेली नाही. वरच्या कांडांतून तिने दोऱ्यासारखी मुळे खाली सोडली, मी रोज बघते. यापुढे तिला कोयता लावायचा नाही. पिवळट बारीक फुलांमागून लाल फळे येतात, ती बुलबुलांची. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेले सुरवंट पानांवर येतात, त्यांचे पतंग होतात. सूनबाईंनी फवारा आणू नये.

३. तापाच्या काढ्यासाठी कोणी कांडे मागितले तर द्यावे. शेजारीणबाईंनाही. काढ्यासकट नेलेले माझे पितळी पातेले त्यांनी परत केलेले नाही, ते त्यांनाच लखलाभ.

४. धाकटीला या घरात काडीचाही वाटा नाही.

(येथे तिचा हात थांबला. "आई, मी काय वाईट केलं गं तुझं?" "माझं सगळं केलंस, तेच वाईट. लिही.")

वाटा दिला तर भाऊ म्हणेल, तुझंही घर आहे, तूच राहा, आईचं तूच बघ. माझ्यापायी तिने औषधी रोपवाटिकेतली नोकरी नाकारली. तिला माझी शिलाई मशीन, मोठी कात्री आणि बँकेतली सगळी शिल्लक.

("म्हणजे तू जाईपर्यंत मी इथेच ना?" असे ती म्हणाली. पोरीने माझ्या मरणाची वाट बघत बसायचे, असा हा कागद झाला.)

५. म्हणून हे कलम मी जिवंत असतानाच, आजपासून लागू. उद्यापासून माझे थोरला आणि सूनबाई बघतील, तसे दोघांना सांगितले आहे. सूनबाई या खोलीचे दार ओढून घेतात, त्याची मला भीती वाटते. हेही लिही. तरी तू जा. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना मी फोन केला होता, जागा अजून रिकामी आहे. जाताना माझ्या कात्रीने वेलीचे एक कांडे कापून ने. ते कुठेही लागते.

साक्षीदार म्हणतात, असे कलम मृत्युपत्रात चालत नाही. चालत नसेल तर चालवून घ्यावे.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचे औषधवाले. २. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका.

ठिकाण: मागची खोली, खिडकीशी.

दिनांक: वेलीचा पहिला दोरा मातीला टेकला, तो आजचा दिवस.

सही: आई.

लिहिणार: धाकटी. पाचवे कलम तिने खोडले होते. मी तिला ते पुन्हा लिहायला लावले.