ओस्तोयाच्या लॅपटॉपांना नवी सिस्टीम

९ जून

आज कॉम्प्युटरचा वर्ग संपला. मला सर्टिफिकेट मिळालं. गावच्या सभागृहात पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांसाठी काढलेला वर्ग होता, पण म्हाताऱ्या बाकीच्या. शिकवणारी इलोना म्हणाली, सावका आजी, तुमच्यासारखी विद्यार्थिनी मला आयुष्यात पुन्हा मिळायची नाही. हे बोलताना तिने कपाळ दाबून धरलं होतं. ऊन फार आहे सध्या.

शेजारच्या यूलिश्कालाही सर्टिफिकेट मिळालं. पण ते काय, सगळ्यांनाच देतात.

मी शाळेत चार इयत्ता शिकले आणि मग हंस राखायला लागले. आता पुढचं शिक्षण चालू. आजपासून रोज लिहायचं.

११ जून

कालचं राहिलं. चेरी उतरवल्या.

आज ओस्तोयाच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. ओस्तोया माझा मुलगा, हार्वेस्टरचा मिस्त्री. हल्लीचे हार्वेस्टर नुसत्या पान्याला जुमानत नाहीत. त्यांना एक वायर लावायची, तिचं दुसरं टोक लॅपटॉपला, मग हार्वेस्टर आपलं दुखणं पडद्यावर सांगतो. ओस्तोयाकडे असे तीन लॅपटॉप. फौजेने टाकून दिलेले, विटेएवढे जाड, उचलायला मूठ असलेले. ट्रॅक्टरवरून पडलेत, चिखलात लोळलेत, एकावर बकरी उभी राहिली होती. ढिम्म. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांचा गहू या तिघांच्या जिवावर घरात येतो, आणि आमची वर्षाची चूलही कापणीच्या त्या थोड्या दिवसांवरच पेटते.

तर त्यातला एक उघडला होता. खाली कोपऱ्यात अक्षरं आली की तुमची सिस्टीम जुनी झाली, आता हिच्याकडे कोणी बघणार नाही, लवकर नवी घाला. ओस्तोयाने फुलीवर टिचकी मारून त्याला गप्प केलं. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, कित्येक वर्षं झाली, आई, रोजचं आहे ते. मी म्हटलं, मग नवी घालूया. तर म्हणाला, चालतंय ना? मग हात लावू नकोस.

याच्या बापाने छातीतल्या कळेला असंच टिचकी मारून गप्प केलं होतं. पुरुषांसमोर दुखण्याचं नावच काढायला नको.

१३ जून

ठरलं. अठ्ठावीसला विदोवदान, आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, आमची स्लावा. सगळा गोतावळा जेवायला. तेव्हा जाहीर करायचं. तोपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

स्लावेच्या आधी घर उलटंपालटं करून धुवायचं असतं. खुर्च्या अंगणात, गाद्या उन्हात, कपाटं रिकामी. सगळं घर नवं आणि लॅपटॉप तेवढे जुने, हे संताला बरं दिसेल का?

इलोनाकडे जाऊन नव्या सिस्टीमची काडी मागून आणली. बोटाएवढी असते, कानात खुपसल्यासारखी कडेला खुपसायची. इलोना म्हणाली, आजी, आधी आत असेल त्याची कॉपी काढा, आणि मुलाला विचारा. मी म्हटलं, विचारलंय. खोटं बोलले नाही. विचारलं होतंच. उत्तर काय आलं ते तिने विचारलं नाही.

१७ जून, सकाळी

ओस्तोया सुट्या भागांसाठी सेंता शहरात गेलाय. सून नेवेंका बाजारात. घर माझं.

कॉपी काढली. पडद्याचा मोबाईलवर फोटो घेतला. सगळी बारकी बारकी चित्रं नीट आली आहेत. एक जरा हलला म्हणून दुसरा काढला.

तोच दिवस, जेवणाआधी

काडी खुपसली. लॅपटॉप म्हणतो, मी फार जुना आहे, नवी सिस्टीम मला झेपणार नाही. मला असा राग आला! अरे मेल्या, मी या वयात शिकले, गुडघे दोन्ही गेलेले, आणि तू फौजेत वाढलेला गडी रडतोस? इलोनाने सांगून ठेवलं होतं, असा नकार आला तर त्याला वळसा कसा घालायचा. घातला.

मग त्याने विचारलं, आतलं काय काय ठेवू? सगळं ठेवू, थोडं ठेवू की काहीच नको? स्लावेचं घर धुताना कोणी कोपऱ्यातला कचरा मुद्दाम ठेवतं का? ‘काहीच नको’वर बोट ठेवलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, तू काय माझी सून आहेस, दोनदा विचारायला?

गोल गोल फिरतंय. तोवर घेवडा शिजत टाकला. लॅपटॉपवर धूळ बसू नये म्हणून माझ्या हातचा क्रोशाचा रुमाल घातला. आमच्याकडे टीव्हीवर आहे, रेडिओवर आहे, यालाच का नको.

मध्येच तो अडकला. मी छातीवर क्रूस काढला. सुटला.

आणि मग पडद्यावर नमस्कार आला. आपल्या भाषेत! मागे बर्फाचा डोंगर. मला रडूच आलं.

१८ जून

बाकीचे दोनही केले. एकाला नवे कपडे आणि दोघांना जुने असं केलं की भावंडांत वाकडं येतं.

यूलिश्काकडे कॉफीला गेले. तिचा जावई त्स्वेत्को हाही मिस्त्रीच, पलीकडच्या गावात असतो. त्याचा लॅपटॉप म्हणजे निव्वळ डबा, झाकण दोरीने बांधलेलं. मी म्हटलं, यूलिश्के, तुझा जावई मागे राहणार गं. ती म्हणाली, बाई, तो त्या डब्याला बायकोलासुद्धा हात लावू देत नाही. अडाणी माणसं.

कोणाला काही सांगितलेलं नाही. फक्त यूलिश्का, पाद्री आणि पावाच्या दुकानातली.

२२ जून

सुरू व्हायला जरा वेळ घेतात तिघंही. नव्या नवरीसारखं आहे ते. आल्या आल्या कामाला जुंपायचं नसतं.

ओस्तोयाची ती बारकी चित्रं मात्र दिसत नाहीत. फक्त कचऱ्याची टोपली उरली आहे, तीही रिकामी. याहून स्वच्छ काय असतं?

नेवेंकाने विचारलं, सासूबाई, लॅपटॉपवर क्रोशाचे रुमाल कसले? मी म्हटलं, सूनबाई, तुझ्या खिडक्या अजून धुवायच्या आहेत. बादली घेऊन गेली.

२६ जून

लाझार शेतातून आला होता. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गव्हाचा दाणा दाताखाली फोडून म्हणाला, ओस्तोया, झाला तयार, स्लावेच्या दुसऱ्या दिवशी हार्वेस्टर घालूया. ओस्तोया दिवसभर पाती आणि पट्टे बसवतोय. लॅपटॉप फळीवर. त्याला लागतील ते शेतात उभं राहिल्यावर. मला हसू आवरेना. तो म्हणाला, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, दात शिवशिवतायत. वरचे पुढचे मला नाहीतच, पण त्याच्या लक्षात आलं नाही.

२८ जून, स्लावा

मेणबत्ती लावली, पाद्रीने पाव कापला, उकडलेला गोड गहू सगळ्यांनी चमचाभर घेतला. आमचे उपासाचे दिवस, मांस-दूध-अंडं चालत नाही, म्हणून मासा, घेवडा आणि बिनअंड्याचा अक्रोडाचा केक. मासा छान झाला होता. नेवेंकाने केला पण मी सांगत होते.

राकियाचा, आमच्या घरच्या दारूचा, दुसरा पेला झाल्यावर मी उठून जाहीर केलं, की माझ्या मुलाचे तीनही लॅपटॉप आता तिसा नदीच्या अख्ख्या काठावर सगळ्यात नवे आहेत आणि ते मी केलेत. लाझार म्हणाला, शाब्बास सावका काकू! सगळ्यांनी पेले उचलले. ओस्तोयाने खाली ठेवला. मग उठून वर्कशॉपमध्ये गेला. आनंद झाला की तो असाच उठून जातो, बापासारखा.

बराच वेळ आला नाही. केकचा तुकडा झाकून ठेवला.

आला आणि इतकंच म्हणाला, आई, कॉपी काढली होतीस? मी म्हटलं, म्हणजे काय! मोबाईल काढून फोटो दाखवला. त्याने तो हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. मग नेवेंकाने हळूच त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

ओरडला नाही. स्लावेच्या दिवशी आमच्या घरात आवाज चढवत नाहीत. पण ओरडला असता तर बरं झालं असतं, असं उगीच वाटून गेलं. केक जास्त खाल्ला गेला, त्याने असेल.

२९ जून

लाझारचा हार्वेस्टर शेताच्या मधोमध उभा राहिला. लाल दिवा. ओस्तोयाने वायर लावली. नवी सिस्टीम म्हणते, ही वायर कोण? मी ओळखत नाही.

कळलं ते असं, की हार्वेस्टरशी बोलणारा प्रोग्रॅम त्या बारक्या चित्रांतलाच एक होता, आणि तो जुन्या सिस्टीमवरच चालायचा. ज्याने तो घालून दिला तो माणूस ऑस्ट्रियात गेला, त्याचा नंबर लागत नाही. नवा प्रोग्रॅम मिळतो, पण त्याला नवी वायर लागते, आणि नव्या वायरीला नवा हार्वेस्टर. याला म्हणतात नखरे.

ओस्तोया सकाळपासून फोन लावतोय. मी सांगितलं, बंद करून परत चालू कर, इलोना नेहमी तेच करते. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

नदीच्या बाजूने ढग चढतायत. लाझार दारात टोपी चुरगाळत उभा होता. म्हणाला, सावका काकू, लॅपटॉप सुंदर केलात, डोंगर काय छान दिसतो. पण माझा गहू सपाटीला आहे हो.

मी म्हटलं, इलोनाला विचारते. इलोनाने फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. लाईन खराब आहे आमच्याकडे.

३० जून

त्स्वेत्को आला. दोरी सोडली, डबा उघडला, वायर लावली, दोनचार बटणं दाबली आणि हार्वेस्टर खोकून चालू झाला. लाझारचा गहू पावसाआधी आत आला. माझ्या मुलाने एक पट्टा धरून ठेवला होता, तेवढंच.

आता सगळी गावं त्स्वेत्कोला फोन करतायत.

यूलिश्काकडे कॉफीला गेले. एक अक्षर बोलली नाही. खसखशीच्या रोलचा मोठा तुकडा मला वाढला. एवढा अपमान माझा कधी कोणी केला नव्हता.

दुपारी ओस्तोया वर्कशॉपच्या उंबऱ्यावर बसला होता. लग्न झाल्यापासून कापणीत हा कधी दुपारचा घरी नसतो. त्याला विश्रांती मिळाली हे काही थोडं नाही. चेरी भरून भाजलेली पिटा केली होती, घेऊन गेले. खाल्ली नाही.

शेजारी बसले. गुडघे कुरकुरले. तो म्हणाला, आई, त्या तिघांना काही दुखत नव्हतं गं. मी म्हटलं, तुझा बाप पण हेच म्हणायचा.

 थोड्या वेळाने पिटाचा कोपरा मोडून खाल्ला. चेरी आंबट निघाल्या म्हणून असेल, डोळे पुसले.

१ जुलै

ठरवलं. उद्या इलोनाकडून जुनी सिस्टीम आणायची.

२ जुलै

इलोना सुट्टीवर गेली. अचानक. कुठे ते तिच्या आईलाही माहीत नाही म्हणे.

४ जुलै

त्स्वेत्कोने ओस्तोयाला बरोबर घेतलंय, कापणी संपेपर्यंत. काम वाढलं, तर जाणकार माणूस लागणारच. नेवेंका म्हणते, सासूबाई, मदतनीस म्हणून घेतलंय. मी म्हणते सल्लागार. यूलिश्का सांगत होती, ओस्तोया डबा धरून उभा राहतो आणि त्स्वेत्को बटणं दाबतो. तेच ते. नाजूक वस्तू कोणाच्याही हातात देत नाहीत.

आज पहाटे निघताना ओस्तोयाने तीनही लॅपटॉप माझ्या खोलीत आणून ठेवले. म्हणाला, आई, हे आता तुझेच. मुलगा असावा तर असा. एकावर मी पत्ते खेळते. दुसऱ्यावर डोंगर बघते. तिसऱ्याचं बघू.

सकाळपासून टीव्हीवर खाली एक ओळ येते आहे, नवीन काहीतरी आलंय, घालायचं असेल तर हो म्हणा. म्हणणार होते. रिमोट सापडेना. पलंगाखाली पाहिला, फ्रीजमध्ये पाहिला. नेवेंका म्हणाली, तो ओस्तोया खिशात घालून शेतावर घेऊन गेला.

कापणीची घाई. चुकून गेला असेल.