तुटक रेघ म्हणजे डोंगर

रविवार, ७ जानेवारी

घडी मंडळात पहिला दिवस. वाचनालयाचा वरचा मजला, दर रविवारी सकाळी दहा. मी मुद्दाम पावणेअकराला गेलो. वेळेवर जाणारा माणूस गरजू वाटतो.

एकंदर निराशा. चौदा माणसं, चांगली घोडे झालेली, लांब टेबलाभोवती बसून कागद दुमडतात आणि त्याला ओरिगामी म्हणतात. अध्यक्ष दातांच्या डॉक्टरीणबाई. घडीवर नख फिरवायचं सोडून दवाखान्यातली कसलीशी चपटी सळई फिरवतात. एक बसड्रायव्हर आहे. तो फक्त बेडूक करतो, आणि बेडकाने उडी मारली की स्वतःच हसतो. कागद पोपटी, गुलाबी, जांभळे. डोळे दुखले.

नवख्यांना पहिला धडा टपालकाका देतात. टपालकाका म्हणजे रिटायर्ड पोस्टमन. मी पोचलो तेव्हा धडा संपला होता. सगळे नवखे काहीतरी शेपटीला धरून हलवत होते. मी तिकडे लक्ष दिलं नाही. टपालकाका म्हणाले की बसा, तुम्हालाही दाखवतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, राहू द्या, मी बावीस वर्षं घड्याच घालतोय. खोटं नाही ते. ऑफिसच्या आवक-जावक टेबलावरून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र मी दुमडतो. दोन घड्या, तीन भाग, पत्ता पाकिटाच्या खिडकीत बरोबर मधोमध. बावीस वर्षांत एकही पत्ता खिडकीबाहेर गेलेला नाही. हे टपालकाका जन्मभर ती पाकिटं वाटत फिरले, आणि आता मला घडी शिकवणार!

उतरताना जिन्याच्या वळणावर काचेचं कपाट दिसलं. जो सभासद स्वतः रचलेली वस्तू मार्चअखेरपर्यंत मंडळाला शिकवतो, त्याची वस्तू त्या वर्षीच्या कप्प्यात कायमची राहते. खाली छापील कार्ड, कार्डावर नाव. तीन कप्पे भरलेत, चौथा रिकामा आहे. तो माझा.

बावीस वर्षांत लाखभर पत्रं दुमडली असतील. प्रत्येकाखाली साहेबांची सही. माझं नाव एकावरही नाही. हे मला लागतं. कोणाला कधी सांगितलं नाही, इथे लिहायला हरकत नाही.

बुधवार, १० जानेवारी

वाचनालयाच्या रद्दीच्या गठ्ठ्यात एक जुनं परदेशी पुस्तक मिळालं. कव्हर नाही, पहिली दहा पानं नाहीत, लिपी कळत नाही. नुसती चित्रं, आणि चित्रांत दोन तऱ्हेच्या रेघा. काही तुटक, काही रेघ-टिंब-रेघ-टिंब. एक डोंगर घडी आणि एक दरी घडी, एवढं तर मंडळात कानावर पडलंच होतं. दरी म्हणजे कागद पुढे, आपल्याकडे दुमडायचा. डोंगर म्हणजे मागे.

कुठली रेघ कशाची, याची यादी हरवलेल्या पानांत असणार. सरळ डोक्याच्या माणसाला यादी लागत नाही. डोंगर कधी सलग नसतात, तुटकच असतात. म्हणून तुटक रेघ म्हणजे डोंगर. आणि टिंब म्हणजे दरीत पडलेला दगड. दोन मिनिटांत उलगडा. मंडळात कोणाला विचारायची वेळ आली नाही, हे बरं झालं.

रविवार, १४ जानेवारी

पुस्तकात बहुतेक सगळ्या रेघा तुटक आहेत. म्हणजे बहुतेक सगळ्या घड्या मागे. कागद हवेत धरायचा आणि न बघता, पलीकडच्या बाजूने दुमडायचा. ही खरी कला. मंडळातले सगळे कागद टेबलावर ठेवून आपल्याकडे दुमडतात, जसा कोणीही टॉवेल दुमडतो.

मी डबी केली. जरा चुरगळली, पण डबी. ड्रायव्हरने विचारलं की कागद मागे का वळवता, मान नाही का अवघडत? मी म्हटलं, सवयीचा प्रश्न आहे. डॉक्टरीणबाईंनी डबी फिरवून फिरवून पाहिली. म्हणाल्या, पांढरी बाजू बाहेर आलीय, लाल आत गेलाय, कागद उलटा धरला होता का? मी सांगितलं की ही माझी शैली आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही. दबदबा म्हणतात तो हा.

घरी बायकोनेही तेच काढलं. ती शिलाईकाम करते, त्यामुळे तिला जगात दोनच गोष्टी दिसतात, सुलट आणि उलट. म्हणाली, अस्तर बाहेर आलंय हो. मी म्हटलं, कापडाला असतं सुलट-उलट, कलेला नसतं. तिने दाताने दोरा तोडला आणि बरं म्हणाली.

सोमवार, २२ जानेवारी

दोन्ही मनगटं सुजली. बाम. मोठ्या कामाला हे होतंच.

ऑफिसात सरावासाठी तीन पत्रं नव्या पद्धतीने, मागच्या मागे दुमडली. त्यातलं एक परत आलं. खिडकीत पत्त्याऐवजी 'आपला विश्वासू' दिसत होतं. साहेबांनी विचारलं की हे कोणाकडे पाठवायचं होतं? पाकिटांचा नवीन गठ्ठा सदोष आहे. तसा शेरा लिहून ठेवला.

गुरुवार, १ फेब्रुवारी

संकल्प: रोज पहाटे सहाला उठून दोन तास सराव.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

सहाला उठलो. बायकोचं मशीन सुरू होतं, कोणाचा तरी लग्नाचा घाईचा ड्रेस. एकाग्रता गेली ती गेलीच. परत झोपलो. या घरात कलावंत निपजणं कठीण आहे.

रविवार, ४ फेब्रुवारी

सापडला! पान एकतीस. पक्षी आहे. पहिल्या नऊ आकृत्या आहेत, पुढचं पान कोणीतरी फाडून नेलंय. फाडणाऱ्याचे उपकार. म्हणजे पुढचं सगळं मी माझ्या डोक्याने करणार, म्हणजे पक्षी माझा. नऊ आकृत्या हा फक्त संदर्भ.

मंडळात गेलो नाही. गेलो असतो तर कोणीतरी डोकावलं असतं. तिथे एकाचं बघून दुसरा करतो, दुसऱ्याचं बघून तिसरा. हे लोक त्याला गोडीगोडीने 'शिकणं' म्हणतात. ड्रायव्हरने सगळ्यांना बेडूक शिकवला, आता टेबलावर चौदा बेडूक.

रविवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ११.२०

वेळ मुद्दाम लिहितोय. सदतिसाव्या कागदाला गरुड तयार झाला. मान, चोच, पंख, शेपूट. पांढराशुभ्र.

सकाळी ११.३५

विलक्षण घटना! एका हाताने छाती धरून शेपूट ओढली तर पंख हलले. पुन्हा ओढली, पुन्हा हलले. बारा वेळा खात्री केली. कागद, डिंक नाही, दोरा नाही, आणि उडतो! हे आजवर कोणाला सुचलं असेल असं वाटत नाही.

बायकोला हाक मारली. तिने हातातलं टाकून येऊन शेपूट ओढून पाहिली आणि खरंच हसली. म्हणाली, किती छान केलंत हो. बऱ्याच वर्षांनी असं म्हणाली. मग म्हणाली, रंग बाहेर असता तर आणखी खुलला असता. एवढं बोलायची गरज नव्हती.

रविवार, २५ फेब्रुवारी

मंडळात जाहीर केलं की १० मार्चला मी शिकवणार. वस्तू दाखवली नाही. बुटांच्या खोक्यात घालून नेली होती, खोकं तेवढं दाखवलं.

टपालकाका बाजूला घेऊन म्हणाले की पक्षी आहे का? मी म्हटलं, गरुड. ते म्हणाले, पहिल्या दिवशी तुम्हाला आपलं पाखरू दाखवायचं राहून गेलं, पाच मिनिटं बसता का? मी म्हटलं, काका, बालवाडी आता कशाला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मी घड्याळात पाहिलं. बिचारे जळतात. पाखरावरच आयुष्य गेलं त्यांचं.

शनिवार, ९ मार्च

सगळी तयारी झाली. मोठा तक्ता काढला. पहिल्या नऊ आकृत्या पुस्तकातल्या हुबेहूब, रेघ न् रेघ, पुढच्या माझ्या, त्याच पद्धतीच्या रेघांत. नावाचं कार्डही मीच छापून घेतलं, मंडळाच्या कार्डावरचं अक्षर फार बारीक असतं. ऑफिसात साहेबांना कालच सांगून ठेवलं. बायको येणार आहे. तिने माझ्या शर्टाचं सैल बटण न सांगता घट्ट केलं.

रविवार, १० मार्च. दुपारी १.३०

कार्यक्रम उत्तम झाला.

दुपारी ४

उत्तम म्हणजे, झाला.

संध्याकाळी ६

लिहूनच टाकतो.

तक्ता लावला. सगळ्यांना चौकोनी कागद दिले. प्रास्ताविक केलं, वीस मिनिटं. मग पहिली घडी. मी मोठ्याने म्हटलं, डोंगर! आणि मागे दुमडली. सगळे तक्त्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, एकमेकांकडे बघतात. ड्रायव्हर म्हणाला की तक्त्यावर तर दरी आहे. मी म्हटलं, तुटक रेघ म्हणजे डोंगर. डॉक्टरीणबाई अगदी हळू आवाजात, दात काढताना बोलत असतील तशा, म्हणाल्या की तुटक म्हणजे दरी, सगळ्या जगात दरीच. मी म्हटलं, माझ्या पद्धतीत डोंगर. मग टपालकाका सगळ्यांना म्हणाले की तक्ता बघून करा. 'त्यांचं ऐकू नका' असं म्हणाले नाहीत. पण अर्थ तोच.

मी सातव्या घडीला होतो. कागद हवेत, मनगटं ठणकतायत. आणि टेबलाच्या त्या टोकाला काहीतरी फडफडलं. बघतो तर ड्रायव्हरच्या हातात गरुड. पोपटी. मग गुलाबी. मग जांभळा. मी दहाव्या घडीला पोचेपर्यंत चौदा गरुड पंख हलवत होते. नऊनंतरच्या माझ्या आकृत्यांकडे कोणी बघितलंही नव्हतं. बघायची गरजच नव्हती. ते टपालकाकांचं पाखरू होतं. नवख्यांचं. पहिल्या रविवारचं. पाच मिनिटांचं.

मी दोन महिन्यांत, सदतीस कागदांत, ते शोधून काढलं होतं. तेही अस्तर बाहेर काढून.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ड्रायव्हरने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. मी नावाचं कार्ड खिशातच ठेवलं.

घरी आल्यावर बायकोने बामाची बाटली आणून ठेवली.

सोमवार, ११ मार्च

साहेबांनी विचारलं की कसं झालं. तांत्रिक अडचणी आल्या असं सांगितलं.

मंडळ सोडलं. मनातल्या मनात सोडलं, कळवायचं कशाला. सुमार लोक. सगळं जग दरी म्हणतं म्हणून दरी!

शनिवार, १६ मार्च

डॉक्टरीणबाईंचा दवाखान्याच्या कागदावर निरोप. तुमचा पांढरा पक्षी चौथ्या कप्प्यात कायमचा ठेवण्याची मंडळाची इच्छा आहे, परवानगी असावी.

वाटलंच होतं. काही कामांची किंमत लोकांना सहा दिवसांनी कळते. परवानगी दिली. खोकंही दिलं. साहेबांना फोन करून सांगितलं, सुट्टी असूनही.

बुधवार, २० मार्च

ऑफिस सुटल्यावर बायकोला घेऊन कपाट बघायला गेलो. ती माझ्यापुढे दोन पायऱ्या होती. ती आधी पोचली, तिने वाचलं, आणि वळून कपाटाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, काचेवर उजेड पडलाय, काही दिसत नाही, चला. मी म्हटलं, सरक. ती म्हणाली, खरंच चला. आमची जरा झटापटच झाली, जिन्यात.

चौथ्या कप्प्यात दोन पक्षी आहेत. एक निळा, टपालकाकांचा. शेजारी माझा पांढरा. खाली कार्ड, नेहमीचं बारीक अक्षर:

'डोंगर व दरी यांची अदलाबदल झाल्यास असे दिसते. नवीन सभासदांच्या माहितीसाठी. सौजन्य: एक सभासद.'

एक सभासद.

डॉक्टरीणबाईंनी माझी लाज राखली. हेच जास्त लागलं. तीन महिने मी या लोकांना नावं ठेवली, आणि त्यांनी माझं नाव झाकून ठेवलं.

रविवार, २४ मार्च

दहाला पाच कमी असताना पोचलो. नवखा एकच होता. मी.

टपालकाकांनी नवख्यांची वही उघडली आणि माझं पूर्ण नाव सांगायला लावलं, वडिलांच्या नावासकट. सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचत होतो. अक्षर सुंदर आहे त्यांचं. आयुष्यभर नावंच वाचली त्यांनी, त्यामुळे असेल.

मग पहिली घडी. टेबलावर, डोळ्यांसमोर, आपल्याकडे. मनगट दुखलं नाही. पाच मिनिटं म्हणाले होते, मला चाळीस लागली.

घरी आणलं. बायकोने मशीन थांबवलं, पाखरू उजेडात धरलं. लाल, बाहेरून. म्हणाली, आता सुलट आहे.

मी म्हटलं, गरुड आहे.

ती हो म्हणाली.