मुदतीआधी मोडलेल्या ठेवी

मी, मंगलाबाई रतिलाल पाटील, वय अडुसष्ट, मूळ गाव रनाळे, हल्ली मुक्काम नंदुरबार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, आठवण शाबूत आहे आणि मला कोणी काही पढवलेले नाही. बुद्धीचे हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असतेच, असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्या बाबतीत ते नुसते रिवाजापुरते नाही. माझ्या डोक्याबद्दल एकदा बँकेत शंका घेतली गेली होती आणि ती घेणारा माझा मुलगा होता. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ती हकीकत कलम पाचमध्ये येईल.

येत्या मंगळवारी सुरतेच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण सह्या मात्र पुष्कळ घेतल्या. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हा मजकूर सांगतानाही मी दोनदा उठून घरी जाऊन आले, एकदा गॅस बंद आहे का ते बघायला आणि एकदा उगीचच. वकीलसाहेबांनी माझी भाषा सरळ केली आहे. जिथे माणसे बोलली, तिथे मात्र ती जशी बोलली तशीच ठेवावीत, असे मी त्यांना बजावले आहे.

१. नंदुरबारचे राहते घर माझ्या नावावर आहे. ते यजमानांनी पाटबंधारे खात्यात कारकून असताना घेतले. हे घर माझा मुलगा भूपेश आणि सून रंजिता या दोघांना मिळून देत आहे. वाटणी करू नये. कोणी एकट्याने विकू नये. मागच्या खोलीत सध्या घोंगड्या-ब्लँकेट आहेत. ती खोली मालासाठीच राहील. भूपेशला तिथे पुस्तकांचे कपाट हवे आहे हे मला माहीत आहे. त्याने ते पुढच्या खोलीत लावावे.

२. माझ्या सोन्याच्या पाटल्या आणि शिलाई मशीन मुलगी रुपा हिला. ती शहाद्याला सुखात आहे. मशीनवर मी वीस वर्षे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. त्या पैशाचा यजमानांनी कधी हिशेब विचारला नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

३. आता पैसा. हे कलम मी तीनदा सांगितले आणि तीनदा खोडायला लावले.

यजमान २०१८ साली गेले. त्यांनी आयुष्यभर पैसा फक्त दोन ठिकाणी ठेवला, सरकारी बँकेत आणि पोस्टात. एकदा शहरातली एक पतसंस्था बुडाली. लोक तिच्या दारात रडत होते, तेव्हा यांचा एक रुपयाही त्यात नव्हता. त्यानंतर वर्षभर ते मान ताठ करून फिरले. मला त्यांनी एकच सांगून ठेवले होते की मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचे. मी चार वर्षे तसेच केले. मुदत संपली की ठेव पुन्हा ठेवायची, पासबुक भरून आणायचे, खिडकीत बसायचे.

मग महागाई आली. तेलाचा डबा पंधराशेवरून अडीच हजारांवर गेला, गॅस हजारावर गेला, माझ्या गोळ्या महागल्या. व्याज होते तेवढेच राहिले, उलट ठेव नवी करताना थोडे कमीच झाले. बँकेतला मुलगा म्हणाला, "आजी, तुमचा पैसा एकदम सुरक्षित आहे." सुरक्षित होताच. पण त्यातून घरात येणारा डाळीचा डबा दर महिन्याला लहान होत होता आणि मी तो बघत बसले होते. मला झोप लागेना. नुसते बसून राहण्याची मला भीती वाटायला लागली.

४. केवलचंदभाई कापडवाले यजमानांचे जुने स्नेही. २०२२च्या दिवाळीआधी त्यांच्या दुकानात बसले असताना त्यांनी सहज सांगितले की सुरतेजवळचा ब्लँकेटचा एक कारखाना बंद पडला आहे, बँकेने माल लिलावात काढला, आणि ज्याने तो घेतला तो आता लहान गठ्ठ्यांनी विकतो आहे. भाव निम्म्याहून कमी.

मी विचारले, "तुम्ही का घेत नाही?"

ते म्हणाले, "भाभी, त्यात पैसा आहे पण झोप नाही. तुमचे पैसे आहेत तिथेच राहू द्या."

"झोप तशीही लागत नाही, भाई," मी म्हणाले.

घरी येऊन रंजिताला सांगितले. ती लग्नाआधी धुळ्याला एका दुकानात हिशेब बघायची. लग्नानंतर घरात होती. ती भाकरी थापत होती. तिने हात धुतला आणि म्हणाली, "आई, आपन घेऊत." एवढेच. मी पहिली ठेव मोडली. भूपेश रात्री पासबुक उघडून आकडे मांडत बसला.

माल आणून दिला धुडकूने. हा यजमानांचा चुलत पुतण्या, रनाळ्याचाच, सुरतेत दलाली करतो. माल चांगला निघाला. मी आणि रंजिता जीपने मोलगीच्या आठवडे बाजाराला गेलो. डोंगरात थंडी लवकर येते आणि दुकानातले ब्लँकेट तिथल्या माणसाला परवडत नाही. पहिल्या बाजाराला आम्ही उन्हात बसलो होतो. जालमसिंग नावाचा शेतकरी आला, त्याने दोन ब्लँकेट उलटसुलट करून पाहिली, घासाघीस केली, घेतली आणि म्हणाला, "बाई, तू उन्हात नको बसू. माझा ओटा आहे, तिथे बस." त्याचे घर बाजाराला लागूनच. त्या ओट्यावर आमचा सगळा माल त्या हिवाळ्यात खपला. जालमसिंग येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या बोलीत सांगायचा की बाईचा माल खरा आहे. त्याने कधी एक पैसा घेतला नाही.

ती थंडी माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली होती. हे यजमानांना वाचून दाखवता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

५. दुसऱ्या वर्षी मी दुसरी ठेव मोडून सौर दिवे घेतले. कंपनी बंद पडली होती. माल धुडकूनेच दाखवला. पाड्यांवर वीज जाते-येते, म्हणून पोळ्याच्या आधीच चारशे दिवे खपले. या वेळीही जालमसिंगच्याच शब्दावर.

दसऱ्यानंतर आम्ही ब्लँकेट घेऊन मोलगीला गेलो, तर ओट्यावर बसायला जागा नव्हती. पूर्ण ओटा दिव्यांनी भरला होता. सगळे बंद. लोक एकेक करून आणून ठेवून गेले होते. जालमसिंग दाराशी उभा होता. मला वाटले आता हा बोल लावेल.

तो म्हणाला, "मी सांगितलं लोकांना, बाई येईल. आता तू आली."

मी एक दिवा उघडून घेतला. आतल्या सेलवर तारीख छापलेली असते, ती ब्लेडने खरवडून काढली होती. दुसरा उघडला, तेच. रंजिता ओट्याच्या कडेला बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मी जालमसिंगला म्हणाले की सगळे दिवे चालू करून देईन. कसे ते मला त्या वेळी माहीत नव्हते.

नंदुरबारला येऊन मी तिसरी ठेव मोडायला बँकेत गेले. मॅनेजर खुर्चीत हलले, पाणी मागवले आणि म्हणाले, "मावशी, तुमचे चिरंजीव येऊन गेले होते. म्हणाले, आईंचं मन हल्ली थाऱ्यावर नाही, ठेव मोडायला आल्या तर आधी मला कळवा." मी पाणी प्यायले नाही. मी म्हणाले, बोलवा त्याला. तो येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

भूपेश कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तास सोडून रिक्षाने आला. हाताला खडू होता.

मी सर्वांसमोर विचारले, "मन्हं डोकं फिरी गयं का रे?"

तो म्हणाला, "माय, पैसा जाई ऱ्हायना व्हता. मी काय करतू?"

"मले सांगानं व्हतं."

"सांगेल व्हतं. तू कव्हय ऐकस?"

तेही खरे होते. मग मी त्याला ओट्याचे सांगितले. दिवे कसे ओळीने ठेवले होते ते सांगितले, जालमसिंग काय म्हणाला ते सांगितले. भूपेशने हाताचा खडू रुमालाला पुसला. मग मॅनेजरना म्हणाला, "मी जे बोललो ते चुकीचं होतं. माझ्या आईचं डोकं माझ्यापेक्षा ताळ्यावर आहे. लिहून हवं असेल तर देतो." आणि मला दिव्यांचा आकडा विचारला, "किती दिवा शेतस?"

दिवाळीच्या सुट्टीत तो आणि रंजिता मोलगीच्या ओट्यावर बसून नवे सेल बसवत होते. तो तारेला कथलाचा डाग द्यायचा, ती झाकण लावायची. आधी ठेवींवरून दोन महिने त्यांच्यात जेवणाच्या ताटापलीकडे बोलणे नव्हते. तिथे बोलावेच लागले, कारण पकड एकच होती. तीन बाजार गेले. सगळे दिवे लागले. भूपेश पहिल्यापासून बरोबर होता, हे त्याने त्यानंतर एकदाही बोलून दाखवले नाही. बँकेतल्या प्रकाराबद्दल माझ्या मनात आता काही नाही. माझ्या मागे कोणी तो विषय काढून त्याला हिणवू नये.

६. धुडकूला मी फोन केला होता. तो म्हणाला, "काकू, लिलावना माल शे. त्यानी ग्यारंटी कोठे ऱ्हास?" तारखा कोणी खरवडल्या असे विचारल्यावर फोन कट झाला. त्याने दोन्ही बाजूंनी दलाली घेतली होती, हे नंतर केवलचंदभाईंना बाजारातून कळले. धुडकू माझ्या तेराव्याला येईल, त्याला जेवण चुकवण्याची सवय नाही. त्याला पंगतीत नीट बसवावे, पोटभर वाढावे, आणि निघताना एक न उघडलेला बंद दिवा हातात द्यावा. नमुना म्हणून घरीच राहिलेला तो दिवा मी कपाटात खालच्या फळीवर ठेवला आहे. कारण विचारले तर हे कलम वाचून दाखवावे. मोठ्याने वाचायची गरज नाही.

७. मागच्या खोलीत एकशे चाळीस ब्लँकेट शिल्लक आहेत. त्यांतली चाळीस जालमसिंगला. हा धर्मादाय नव्हे, ओट्याचे भाडे आहे. तो घेणार नाही. वाद न घालता ओट्यावर ठेवून परत यावे. बाकीची संक्रांतीच्या आत विकावीत.

८. रुपा दर रविवारी फोनवर मला समजावते की दोन वर्षांची धावपळ, जीपभाडे, सेलचा खर्च धरला तर माझ्या हातात काही उरले नाही, आणि ठेवी तशाच असत्या तर व्याज तरी आले असते. तिचे गणित बरोबर आहे. मी तपासून पाहिले. पण त्या गणितात मोलगीचा रस्ता नाही, आणि ती सून नाही जी आता सुरतेच्या व्यापाऱ्याशी भाव ठरवताना खाली बघत नाही. महागाईने माझे व्याज खाल्ले, धुडकूने नफा खाल्ला. मला बसवून ठेवणे मात्र दोघांनाही जमले नाही.

९. आता दोन ठेवी उरल्या होत्या, प्रत्येकी दोन लाखांच्या. पोस्टातली भूपेशला. तिला हात लावू नको असे त्याला सांगायची गरज नाही. घरात एक पैसा असा असावा जो कोणत्याही लिलावात जाणार नाही, हे मला दिव्यांनी शिकवले आणि ते काम त्याच्याइतके चांगले कोणी करणार नाही.

बँकेतली ठेव मी कालच मोडली. ते पैसे रंजिताच्या एकटीच्या खात्यात भरले आहेत. त्यावर भूपेशचा, रुपाचा किंवा इतर कोणाचा हक्क नाही. बँकेत मला भूपेशच गाडीवर घेऊन गेला. रांगेत हळूच म्हणाला, "माय, चार महिना थांबी जाय, नही ते दंड कापतीन."

मी म्हणाले, "चार महिना मले कोन देस?"

तो पुढे झाला. माझ्या जागी रांगेत उभा राहिला आणि मला बाकावर बसवले.

१०. शेवटची सूचना. सुरतेत भांड्यांचे एक मोठे दुकान बंद पडले आहे. स्टीलच्या मालाचा लिलाव गुरुवारी आहे. आम्ही दोघी जाऊन माल पाहून आलो आहोत, प्रत्येक पातेले हातात घेऊन, बूड बघून. या वेळी मध्ये दलाल नाही. माझे ऑपरेशन मंगळवारी आहे, म्हणजे गुरुवारी मी शुद्धीवर असेन, नसेन किंवा मुळात नसेन. रंजिता म्हणते, ती माझ्याजवळच थांबेल, लिलाव पुन्हा कधीतरी येईल. तर मी इथे लेखी सांगते की गुरुवारी माझी अवस्था कशीही असो, रंजिताने सकाळी लिलावाला जावे आणि ठरवलेल्या भावाच्या वर एक रुपयाही बोलू नये. माझे काही बरेवाईट झाले असेल तर दुपारनंतर रडावे. दवाखान्यात माझ्याजवळ भूपेश बसेल. न हलता, काही न बोलता एका जागी बसून राहणे त्याला येते, आणि त्या दिवशी मला तेच लागेल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी केवलचंदभाईंनी करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर वकीलसाहेबांनी मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करत आहे. त्या दोघांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

सही: मंगलाबाई रतिलाल पाटील

साक्षीदार (बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर):

१. केवलचंद बाफना, कापड व्यापारी, नंदुरबार
२. रंजनाबाई सोनार, शेजारीण, नंदुरबार

स्थळ: नंदुरबार
दिनांक: ७ डिसेंबर २०२४, शनिवार