नाव न घेण्याची शिक्षा

४ मार्च
पोहोचलो. आपिया बंदरातून बोटीत दीड दिवस. पोटात काही राहिलं नाही, तरी उतरताना हसत होतो. बेटाच्या या टोकावरून त्या टोकाला चालत वीस मिनिटं. न्यायालय म्हणजे खांबांवर छप्पर आणि खाली केवड्याच्या पातीच्या चटया. भिंती नाहीत. मी इथला नवा कारकून, गरज पडली तर पोलीसही. कोठडी कुठे आहे, असं न्यायाधीश कोलोउएई यांना विचारलं. म्हातारा बराच वेळ हसला. म्हणाला, पळणारा पळून समुद्रातच जाणार, आणि तिथे तर आम्ही रोज जातो.

दुपारी होड्या आल्या. किनाऱ्यावरच्या सपाट दगडांवर मासे मांडतात आणि घराघराचं नाव पुकारून सारखे वाटे देतात. माझंही नाव पुकारलं. अख्खा कुपा मासा मिळाला. शेजारी मेले नावाची बाई राहते, तिने तो कापून दिला, कारण मी सुरी उलटी धरली होती.

९ मार्च
पहिला खटला. फलानिको या कोळ्याने बंदी असलेल्या खडकावरून मोठे शिंपले काढले. लगेच कबूल केलं. शिक्षा अशी की तीन महिने त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. नाव वहीत लिहायचं काम कारकुनाचं. लिहून वही मिटली की शिक्षा लागू. मी ठळक लिहिलं. फलानिको वाकून बघत म्हणाला, "अक्षर छान आहे हो तुमचं, कारकून. माझं नाव इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं." सगळे हसले. कोलोउएईंनी वही मिटली.

१३ मार्च
वाटा आता फलानिकोच्या बायकोच्या नावाने पुकारतात. त्यातच तो जेवतो. उपाशी कुणी ठेवत नाही. शहरातल्या कोठडीपेक्षा हे किती सभ्य, असं घरच्या पत्रात लिहिलं.

१८ मार्च
फलानिको न्यायालयाच्या पायरीवर बसला होता.

"कारकून, मला काय म्हणतात हो?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. तसं नव्हतं. आई कशी हाक मारायची ते आठवत नाही, म्हणाला. जीभ हलवून पाहतो, काही येत नाही. बायको रडते, पण सांगत नाही.

मी वही उघडून त्याला वाचून दाखवलं.

बाजूला मेले चटई विणत होती. तिचे हात थांबले. "भाऊ," ती म्हणाली, "हे काय केलंत."

१९ मार्च
कोलोउएई सकाळी आले. आवाज मऊ होता. मिटलेल्या वहीतलं नाव जो उच्चारतो, शिक्षा त्याच्यावर येते, पहिला सुटतो. मला हे ठाऊक नव्हतं, ते त्यांना मान्य आहे. त्याने काही बदलत नाही. माझं नाव मीच लिहायचं, कारण बेटावर दुसरा कारकून नाही.

दुपारी फलानिकोचं नाव पुकारलं. त्याने वाटा उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही.

२० मार्च
लिहिलं नाही. बेटावरचे चार म्हातारे दुपारपर्यंत समोर बसून होते. कुणी आवाज चढवला नाही. निकाल लिहायचा राहून दुसरा दिवस उजाडला तर वाटणी करायची नाही, असा इथला नियम. मासे दगडांवर मांडले. नावं पुकारली नाहीत. माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि घरी गेली.

२२ मार्च
परवाचे मासे तसेच. त्यांच्या शेजारी कालचे, आजचे. माशा. होड्या उद्याही जाणार. घरांतली नीरफणसं संपत आली. माझ्यावर कुणी रागावलेलं नाही. कोलोउएई म्हणतात, घाई नाही.

२४ मार्च
बोट आली. मी पेटी घेऊन उभा राहिलो. कोलोउएईंनी कप्तानाला सांगितलं, यांचा निकाल राहिलाय. कप्तानाने मान हलवली. तो इकडचाच. तांदळाची पोती उतरली, तीही दगडांवर नेऊन ठेवली. तीही वाटायचीच असतात. बोट गेली.

२६ मार्च
वास अंथरुणात येतो. मेलेचं तान्हं आता रडत नाही. तिला दूध येत नाही. ती सांगायला आली नव्हती. मीच विचारलं —

२७ मार्च
नावच तर आहे. तीन महिने. मी शिकलेला माणूस. नाव कसं विसरेन —

२८ मार्च
लिहिलं. अक्षर चांगलं आलं. वही मिटली.

बाहेर पुकारताहेत — एकेक घर — मुलं धावताहेत — मेलेचंही पुकारून झालं. मला काही वाटत नाही. बोटांना पेन जाणवत नाही.

इथेही एकदा लिहून ठेवतो, म्हणजे झालं. माझं नाव