बासष्ट गिऱ्हाइकं एका रकान्यात

आदरणीय भाऊजींना साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि ताईचं पित्त (तिच्या मते ते तुमच्यामुळेच होतं) जरा शांत असेल, असं धरून चालतो. मी सुखरूप आहे आणि अजून नोकरीवर आहे. यातली दुसरी गोष्ट म्हणजे मालकांचा मोठेपणा.

झालं असं, की केसांचे टोप बनवणाऱ्या आमच्या दुकानात रंगकाम निघालं. दुकान चार दिवस बंद राहील असं सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेलने कळवा, असं मालकांनी मला सांगितलं. मी बासष्ट पत्ते वरच्याच रकान्यात ओळीने टाकले (तेही आडनावांप्रमाणे लावून, म्हणजे कुणाला शोधायला त्रास नको). खाली बीसीसी नावाचा आणखी एक रकाना होता. त्यात लिहिलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत म्हणे. मग लिहायचे कशाला, असा माझा सरळ विचार.

दहा मिनिटांत एका शाळेच्या मुख्याध्यापकांना कळलं, की शेजारच्या खोलीतले उपमुख्याध्यापकही आमच्याकडेच येतात. अकरा वर्षं दोघे एकमेकांच्या केसांचं मनापासून कौतुक करत होते. एका वकिलांनी सर्वांना उत्तर पाठवून विचारलं, की ही यादी फोडली कुणी. त्यामुळे ज्यांनी ती पाहिली नव्हती त्यांनीही निवांत पाहिली. मी घाबरून माफीचं ईमेल पाठवलं. त्याच रकान्यातून, बासष्ट जणांना.

दुपारी गाणं शिकवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. आजारपणात त्यांचे केस गेले होते आणि हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. यादीत त्यांच्या एका विद्यार्थिनीची आई होती. मी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"हे कुणाला आणि कधी सांगायचं, ते मी ठरवणार होते," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग मालकांच्या मुलीकडून मी तो बीसीसीचा रकाना शिकून घेतला आणि तीन दिवस एकेकाला फोन करून माफी मागितली. दोन्ही ईमेलं पुसून टाका, अशी विनंती केली. नऊ जणांनी फोन आपटला. एकाने उलट माझीच समजूत काढली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि यादीतून आपला पत्ता काढायला लावला. मी तो त्यांच्यासमोरच, म्हणजे फोन चालू असताना, काढला. गेल्या मंगळवारी त्या पुन्हा आल्या आणि या खेपेला खुर्चीत बसल्या. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक आता जोडीनेच येतात आणि आरशासमोर एकमेकांना सल्ले देतात.

घरातल्या मोठ्यांना वाकून नमस्कार, लहानांना त्यांना हवं ते.

आपला शहाणा झालेला,
मेहुणा

ता. क. – यादीत सतराव्या जागी आपण होतात. तुम्हाला तेवढा फोन करता आला नाही, कारण तुमच्याकडे फोन ताई उचलते. म्हणून हे पत्र कचेरीच्या पत्त्यावर. कृपा करून ताईच्या नजरेस पडण्याआधी ती ईमेलं पुसा.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवणार तोच ताईचा फोन आला. दोन्ही ईमेलं तिने वाचली आहेत. टोपाचं तिला लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही इतक्या कष्टाने लपवता, म्हणून ती गप्प राहिली. तिचं म्हणणं एवढंच, की पुढच्या टोपात थोडे पांढरे केस घाला. हल्ली लोक तिला तुमची थोरली बहीण समजतात. आणि यातलं एक अक्षरही मी तुम्हाला कळवू नये, असं तिने मला शपथ घालून सांगितलं आहे.