दरडीला सारवण

५ जानेवारी, सोमवार
नात वर्षाराणी सकाळी आली. कोल्हापुरात एमेस्सी करते, दगडांची. एवढं शिकून पोरीनं दगडच उचलला. आपल्या कोडोलीच्या रानात ओढ्याकाठी झरा हाय, त्याच्या तोंडाशी पांढरा दगड साचलाय, त्यावर तिचं प्रोजेक्ट. पास झालं तर डिग्री, आणि लांब कुठंतरी नोकरी. जाऊ दे. तिच्या कामात नाक खुपसायचं न्हाय, हे आज ठरवलं.

६ जानेवारी
ओढ्यावर गेल्ते. डबा द्यायला, बाकी काय न्हाय. ही पांढऱ्या दगडाकडं बघतच न्हाय, शेजारची दरड ब्रशनं झाडत बसलीया. म्हटलं, देव सोडून चिखलाची पूजा का? म्हणाली, आज्जी, दगड झऱ्याच्या पाण्यातल्या चुन्यानं झालाय. पण भोवतीनं गाळाचे थर हायेत. वाळू, खडे, परत गाळ. कुठला थर दगडाच्या आधीचा, कुठला नंतरचा, त्यावरनं झरा कधी वाहत होता, कधी आटला ते कळतंय. म्हटलं, मग मला विचार की, बहात्तर साली आटलाता. म्हणाली, हजारो वर्षांपूर्वीचं म्हणतोय आपण. म्हटलं, एवढी काय मी म्हातारी न्हाय.

९ जानेवारी
दरडीत खिळे. खिळ्यांना लाल दोरा. शेजारची चिमणाबाई म्हणाली, अगं, कुणीतरी करणी केलीया. माझा असल्यावर विश्वास न्हाय. तरी दोन खिळे उपटून ओढ्यात टाकले. संध्याकाळी कळलं, थरांच्या खुणा होत्या. वर्षाराणी परत मापं घेत बसली. माझी काय चूक? लाल दोरा बांधायचाच कशाला! उद्यापासनं ओढ्याकडं फिरकायचं न्हाय.

१४ जानेवारी, संक्रांत
ह्यांना जाऊन वर्ष झालं. जाऊबाई म्हणाल्या, तुझ्या डोळ्यात अजून टिपूस न्हाय. म्हटलं, मोतीबिंदू काढलाय, डॉक्टर रडू नको म्हणालाय. पोळी खाल्ली. चव लागली न्हाय.
ओढ्याकडं फिरकले न्हाय. गुडघा दुखत होता.

१८ जानेवारी, रविवार
उद्या तिच्या कॉलेजातले सर दरड बघायला येणार. बघून सही केली की झालं. वर्षाराणी त्यांना आणायला कोल्हापूरला गेली. जाताना म्हणाली, आज्जी, कशालाच हात लावू नकोस. म्हटलं, मला काय दुसरी कामं न्हाईत व्हय!
दुपारी सहज बघून आले. पावणं येणार आणि दरड ही अशी, भेगाळलेली, पट्ट्यापट्ट्यांची. घराची काय अब्रू हाय का न्हाय? चिमणाबाईला हाताशी घेतलं, शेणानं झकास सारवून काढली. खालनं पांढऱ्या मातीचा पट्टा ओढला. खिळे काढून डब्यात नीट ठेवले. सर खूश होणार.

१९ जानेवारी, सकाळ
वर्षाराणीचा फोन. दरड सारवली म्हटलं. तिनं विचारलं, थर दिसतायत का? म्हटलं, एक दिसत न्हाय बघ, असलं काम झालंय. मग हळूच म्हणाली, तेच बघायला येतायत ते.
आधी सांगायचं की नीट. असू दे. सर यायच्या आत धुऊन काढते. मोटार चालू केली, पाइप लावला.

दुपार
शेण गेलं. दरडही गेली. सगळी ओढ्यात बसली. पांढरा दगड तेवढा उरला, न्हाणीतल्या साबणागत.
सर म्हणाले, भोवतीचंच गेलं, नुसत्या दगडावर मी काय सही करू? चहा घेतला. चांगला झालाय म्हणाले.
वर्षाराणी खिळ्यांचा डबा उचलून आत गेली. ओरडली असती तर मलाबी ओरडता आलं असतं.

२३ जानेवारी
वर्षाराणीनं बॅग भरली. वर्ष वाया गेलं म्हणाली. दुसऱ्या झऱ्यावर पहिल्यापासनं सगळं करायचं. म्हटलं, गावला का दुसरा? म्हणाली, गावलाय. म्हटलं, पन्हाळ्याकडं का कर्नाटकाकडं? म्हणाली, हाय एका ठिकाणी. परत विचारलं. एस्टी आली म्हणाली, पाया पडली आणि गेली.
एस्टीला अजून अर्धा तास होता.