ऑल्टोची ओळ

आई, रविवारी आम्ही तो रेक्विएम गायलो. एकोणिसाव्या शतकातल्या त्या फ्रेंच संगीतकाराने मेलेल्यांसाठी रचलेला मिस्सा, जो तू दर नोव्हेंबरला चर्चच्या क्वायरमध्ये गायचीस आणि त्याआधी महिनाभर स्वयंपाकघरात. तुला एक सांगायचं आहे, पण ते सरळ सांगवत नाही, म्हणून आधीपासून लिहिते.

मी शाळेत जायच्या आधीच तू मला हे शिकवलंस. तू पोळ्या लाटते आहेस, मी ओट्याशी स्टुलावर उभी आहे आणि तू दिलेला सूर धरून ठेवते आहे. ती ओळ फारशी हलत नाही. एका सुरावर थांबते, जरा सरकते, पुन्हा थांबते. मला वाटायचं, गाणं एवढंच आहे. मग तू मला पहिल्यांदा तालमीला नेलंस आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "आई, हे सगळे चुकीचं गातायत!" क्वायर बसवणारे सर तेव्हाही आतासारखेच तिरकस. म्हणाले, "बाई, उद्यापासून हिलाच उभी करा. आम्ही घरी बसतो." परत येताना तू हसत होतीस. "अगं, ते चाल गातात. आपण ऑल्टो, बायकांचा खालचा आवाज. चालीकडे धावायचं नाही, तिथे आधीच गर्दी आहे." त्यानंतर तू मुद्दाम चाल म्हणायचीस आणि मला माझ्या ओळीवर उभं राहायला लावायचीस. मी घसरले की लाटणं पोळपाटावर आपटायचीस.

मी बारावीत असताना तू गेलीस. घरात चाल म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि ऑल्टो एकटीने म्हटली तर ती गाणं वाटतच नाही. तरी क्वायरमध्ये मी तुझ्याच जागी उभी राहत आले. छापील पानावर शेवटाजवळ ऑल्टोचा सूर खाली उतरतो. तू तिथे दुसरंच काही गायचीस. तू सगळं कानाने शिकलेली, आणि तुला कधी कुणी टोकलं नाही. मीही तुझ्यासारखंच गायचे. ती चूक आहे हे मला ठाऊक होतं. पण तेवढी एक गोष्ट कुठेच छापलेली नव्हती, फक्त तुझी होती.

यंदा ऑल्टोत मी एकटी उरले. एक आंटी मुलाकडे मेलबर्नला गेल्या, दुसऱ्यांना जिना चढवत नाही. चाल गाणाऱ्या सोप्रानोतल्या दोघी नोकरीसाठी बंगळुरूला. सर म्हणाले, "तू सोप्रानोत ये."

"सर, मग ऑल्टो?"

"कीबोर्ड वाजवेल. अगं, ऑल्टो ऐकू आली नाही अशी तक्रार घेऊन आजवर एक माणूस माझ्याकडे आलेला नाही."

सगळे हसले, मीही हसले. खराडीच्या ऑफिसात एका स्वल्पविरामासाठी पुन्हा पुन्हा मेल करणारी मी, तिथे फक्त "बरं सर" म्हणाले.

मग मी चाल घोटली. रविवारी चर्च अर्धंही भरलं नव्हतं. गेलेल्यांची नावं वाचली, तुझंही वाचलं. आम्ही गायलो, आणि शेवटाजवळ कीबोर्डने सूर खाली उतरवला, छापल्याबरहुकूम.

काल घरी तुझी ओळ म्हणून पाहिली. त्या जागी तू वर जायचीस की तिथेच थांबायचीस? दोन्ही म्हणून पाहिलं, दोन्ही खरं वाटलं, आणि दर वेळी मी चालीवरच जाऊन पोचले. गेल्या वर्षीपर्यंत आठवावं लागत नव्हतं, म्हणून कधी टिपून ठेवलं नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ती गुणगुणायची, एवढं आठवतं बाळा. काय, ते नाही." आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. चाल गाताना मला आवडलं, आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज मला वेगळा ऐकू आला. पुढच्या वर्षीही तिथेच राहा, असं सर म्हणाले, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले.